हिवाळ्यातला हिरवा चाफा

वकीलसाहेबांच्या विहीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आणि वादात त्यांच्यापुढे वकीलसाहेबांची डाळ कधीच शिजली नव्हती. "झाड जगवायला हातगुण लागत नाही, बुद्धी लागते," असे ते एकदा जेवता जेवता बोलून गेले. विहीणबाईंनी तत्काळ आपल्या अंगणातल्या पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून त्यांच्या हाती ठेवली.

"जगवून दाखवा. मेली, तर माझ्यासमोर पुन्हा वाद घालायचा नाही."

यापेक्षा जन्मठेप बरी, असे वकीलसाहेबांना वाटले.

फांदी रुजली, वाढली, पानांनी डवरली. वकीलसाहेब छाती फुगवून हिंडू लागले. मग थंडी पडली आणि पाने पिवळी होऊन गळाली. उरले ते उघडे, करडे खुंट. त्यांनी खत घातले, पाण्याचा मारा केला, झाडाशी युक्तिवादही करून पाहिला. झाड बधले नाही. अशातच विहीणबाईंचा निरोप आला : रविवारी येते.

रविवारी सकाळी बायको दिवाणखान्यात थबकली. "अहो, माझं रबराचं झाड कोणी भादरलं?"

"हळू बोल. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

बागेतला चाफा पुन्हा हिरवागार झाला होता. शिलाईच्या डब्यातला हिरवा दोरा मात्र संपला होता.

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण हरण्याची जास्त वाटते."

विहीणबाई आल्या त्या थेट बागेतच. "वा, व्याहीबुवा! काय पानं आहेत!"

"बुद्धी, विहीणबाई, बुद्धी!"

"माझा चाफा मात्र सध्या बोडका आहे. थंडीत चाफा पानं टाकतो, हे तुमच्या बुद्धीला कोणी कळवलं नाही वाटतं?"

वकीलसाहेबांनी आ वासला. विहीणबाईंनी सवयीने एक नजर त्यांच्या दाढांवरून फिरवली, आणि मग खोडावर नखाने ओरखडा काढला. पांढरा चीक टचकन वर आला.

"नस जिवंत आहे. उपटायची गरज नाही."

"म्हणजे मी जिंकलो!"

"जिंकलात. जिंकलेल्या खटल्यात खोटे साक्षीदार उभे करणारे तुम्ही पहिलेच! आता पाणी आवरा, आणि ताईंना नवं रबराचं झाड आणून द्या."

"पाण्याबाबत माझं म्हणणं थोडं वेगळं आहे—" वकीलसाहेबांनी सुरुवात केली, आणि बायकोने सुस्कारा सोडून चहाचे आधण चढवले.

उन्हाळ्यात पहिला घोस उमलला. बागच काय, जिनासुद्धा दरवळला. वकीलसाहेबांनी घाईघाईने फोटो काढून विहीणबाईंना पाठवला. देठाखाली राहून गेलेला हिरवा दोरा त्यांच्या ध्यानातच आला नाही.

उलट टपाली उत्तर आले : "फुलं तरी खरी ना?"