चंद्राची चाल

ताई नाच शिकवायची, धाकटी शाळेत विज्ञान. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, तरी स्वतःभोवतीही फिरतो, हे काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही, अशी धाकटीची रड होती. एकदा ताईनं तिला नाचाच्या हॉलमध्ये मधोमध खुर्चीत बसवलं आणि तिच्याकडे तोंड ठेवून, बाजूबाजूनं पावलं टाकत फेरी मारली.

"तोंड तुझ्याकडेच होतं ना? पण चारही भिंती बघून झाल्या माझ्या. म्हणजे फिरलेच की मी, बावळट!"

त्यातूनच धडा निघाला. व्हीआरचा चष्मा चढवला की वर्ग नाहीसा, सगळीकडे काळंभोर आकाश, मधे पृथ्वी, आणि तिच्याभोवती चंद्र होऊन चालणारी एक उजळ आकृती. मुलांनी तिच्या मागोमाग चालायचं. आकृती ताईची. तिची चाल टिपून घ्यायला अंगभर सेन्सर बांधून ती दिवसभर फेऱ्या मारत होती. मधेच भिंतीला टेकली.

"दमलीस?" पडद्यावरची नजर न काढता धाकटीनं विचारलं.

"छे गं, बूट चावतोय," म्हणत ताई पुन्हा उभी राहिली.

दुखणं बुटाचं नव्हतं, कंबरेच्या हाडातल्या कॅन्सरचं होतं. कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. धडा वर्गात पोचायच्या आत ताई गेली.

पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "बाई, चंद्र मधेच लंगडतो का हो?"

धाकटीनं चष्मा लावला. प्रत्येक फेरीत अर्ध्या वाटेवर डावा पाय टाकताना आकृती कळवळून थबकत होती. मुलंही तशीच थबकत होती. समोर असताना आपल्याला दिसलं कसं नाही?

धडा बनवणाऱ्या तंत्रज्ञाला तिनं फोन केला. तो चाचरत म्हणाला, "राहू द्या ना मॅडम. तेवढीच त्यांची आठवण."

"नको. मुलं चुकीचं शिकतील. ताईनं माझा कान धरला असता."

त्यानं चाल सरळ करून दिली. मुलांना आता झटकन समजलं. धाकटीही चष्मा लावून त्या आकृतीमागे चालली. पावलं अगदी बिनचूक पडत होती. ती कुणाचीही असू शकली असती.

"बाई, घंटा झाली!" मुलं ओरडली.

"व्हा पुढे," ती म्हणाली. वर्ग रिकामा होईपर्यंत तिनं चष्मा काढला नाही.