वरची जोडी

नसरापूरच्या पुढं हमरस्त्याला लागून जी मोठमोठी गोदामं उभी आहेत, त्यांतल्या कितीतरी शेडचे लोखंडी सांगाडे रतन आणि गेनूनानांनी उभे केले होते. क्रेननं गर्डर वर उचलून दिला की तो दोन खांबांच्या मधे धरायचा, भोकाला भोक जुळवायचं, बोल्ट सारायचा आणि पान्यानं कसायचा. काम दोघांचं. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे लोंबता गर्डर आणि पायाखाली नुसता वारा. साइटवर त्यांना ‘वरची जोडी’च म्हणत. कुठं गर्डर अडला की मुकादम ओरडायचा, "वरच्या जोडीला बोलवा रं!"

नाना मार्गासनीकडचे, पन्नाशी उलटलेले. रतन भाटघर धरणाच्या कडेच्या गावचा, बौद्धवाड्यातला. पहिल्यांदा वर चढला तेव्हा त्याची नजर सारखी खाली जात होती. नाना त्याच्यापुढं गर्डरवर उलट्या पावलांनी मागं मागं चालत गेले आणि म्हणाले, "खाली कशाला बघतो? माज्या तोंडाकडं बघ. तंबाखू हाय का न्हाई तोंडात, तेवढं सांग." दुपारी त्यांनीच हात लांबवून रतनच्या आईच्या डब्यातला बोंबील उचलला. बाकीचे बघत राहिले. तेव्हापासून दोघांचे डबे एकत्रच सुटायचे.

मशीन आलं ते दिवाळीनंतर. क्रेनच्या दांड्याला लोखंडी हात, त्याच्या मनगटात कॅमेरा. तो हात आपला आपण भोक शोधायचा, बोल्ट सारायचा, कसायचा. पहिल्या दिवशी त्यानं बोल्ट खाली पाडले तेव्हा सगळी साइट हसली. पुढच्या आठवड्यात कुणी हसेना. वाऱ्यातही त्याचं काम थांबत नव्हतं, आणि बोल्ट असा बसायचा की नानासुद्धा वर जाऊन हात फिरवून आले, पण त्यांना खोट सापडली नाही.

कंपनीच्या इंजिनियर शेफाली मॅडम मनानं चांगल्या होत्या. सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "आता कुणाला जीव मुठीत धरून वर जायची गरज नाही. आपल्या साइटवर यापुढं कुणी पडणार नाही."

"ते बाकी खरं हाय, मॅडम," नाना म्हणाले. "पडू न्हाई कुनी."

मग मॅडमनी पुढचं सांगितलं. खाली रिमोट धरायला एकच माणूस लागणार होता. स्क्रीनवरची अक्षरं बारीक, इंग्रजी. रतन दहावी झालेला. नानांना जवळचं दिसत नव्हतं.

रतन म्हणाला, "ठेवायचं तर दोगांना ठेवा, न्हाईतर म्या बी जातो."

नानांनी त्याला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं. "येडा का खुळा तू? पोरीची, रश्मीची शाळा हाय. तुला ठेवतेत तर ऱ्हा गुमान."

"आन् तुमी?"

"माजं काय? जिथं लोकंड तिथं गेनू."

त्यांनी कमरेचा सेफ्टी बेल्ट आणि पाना स्टोअरमध्ये जमा केला आणि फाट्यावर जाऊन सहाआसनी रिक्षात बसले. रतननं हात वर केला, पण ते दुसऱ्या बाजूला बघत होते.

रिमोटच्या कामात अंग दुखत नव्हतं. रतन मान वर करून उभा राहायचा. गर्डर जायचे, बसायचे. वर माणूस नाही, हाक नाही, शिवी नाही. घरी आला की बायको, अंजना, म्हणायची, "बरं झालं बाई, आता फोन वाजला तरी छातीत धस्स होत न्हाई." नानांना तो आधी रोज फोन करायचा, मग रविवारी, मग काय बोलायचं तेच सुचेना. नाना गेट करत होते, ग्रिल करत होते. मग पोल्ट्रीच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचं काम धरलं. असल्या कामाला बेल्ट कोण देतो? आणि दिला तरी तो अडकवायचा कुठं?

एका सकाळी ठकुबाईंचा, नानांच्या बायकोचा, फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. ठिसूळ झालेल्या पत्र्यावर पाय पडला आणि नाना पत्र्यासकट खाली कोंबड्यांत आदळले होते. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. रतन पोचला तोवर पुण्यातल्या डॉक्टरांचं सांगून झालं होतं: कमरेखालचं अंग गेलं. परत येणार नाही.

नाना छताकडं बघत पडले होते. "रतन, केवड्यावरनं पडलो ठाव हाय का? शिडी लावली तर पोरगं चडंल, एवड्यावरनं. आन् पिसं नाकातोंडात."

"नाना, नका बोलू आता."

"आपल्या गर्डरवरनं पडलो असतो तर येका झटक्यात सुटलो असतो. लोकांनी नाव तरी काडलं असतं."

ठकुबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मग नानांनी विचारलं, "मशीन कसं हाय?"

"चाललंय."

"चुकतं का?"

महिनाभरात ते एकदाही चुकलं नव्हतं. रतन म्हणाला, "व्हय, लई चुकतं. परवाच दोन गर्डर उतरवाय लागलं. मुकादम म्हनत हुता, वरची जोडी पायजे हुती."

नानांच्या तोंडावरचा ताण जरा सैल झाला. त्यांनी डोळे मिटले. रतन तिथनं उठला आणि बसस्टँडपर्यंत चालतच गेला.

उन्हाळा लागायच्या आत रिमोटही गेला. आता पुण्यातल्या ऑफिसात बसून एक जण सगळ्या साइटची मशीनं चालवणार होता. "वरूनच ठरलंय, रतन," मॅडम म्हणाल्या. त्या बराच वेळ हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत होत्या, लावत होत्या.

रतन शिरवळला फिरला, खेड शिवापूरला फिरला. कुठं मशीन आलं होतं, कुठं येणार होतं. एका ठिकाणी वॉचमननं गेटवरूनच हात हलवला. घरात बसून बसून तो अंजनावर खेकसायला लागला, मग रश्मीवर. पोर त्याच्या पुढ्यात यायची थांबली.

अशात मानसिंगांचा फोन आला. पोल्ट्रीवाल्या मानसिंगांचा. शेड अर्धवट राहिली होती, पाऊस तोंडावर होता, माणूस मिळत नव्हता.

"त्याच शेडवर?" अंजनानं विचारलं.

"व्हय."

"नानांचं बगितलं न्हाईस तू?"

"बगितलं."

"मग?"

"मग काय करू, तू सांग. तू सांगशील ते करतो."

अंजनानं परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. डबा देताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

नाना पडले तिथं मानसिंगांनी निळं प्लास्टिक बांधून टाकलं होतं. रतन शिडीनं वर गेला. पत्रे काळे पडलेले, कडेला शेवाळ धरलेलं. उभं राहण्यात अर्थ नव्हता. तो पोटावर झोपला आणि स्क्रूंच्या ओळीवरून, जिथं खाली लोखंड होतं तिथनं, सरपटत निघाला. खालून कोंबड्यांचा वास आणि कलकलाट येत होता. अर्ध्यावर पोटाखालचा पत्रा बारीक तडतडला. तो जागच्या जागी थिजला.

"काय झालं रं?" खालून मानसिंग ओरडले.

"काय न्हाई," रतन म्हणाला, आणि पुढं सरकला.