सहाव्या तासाचा आकडा

सोलो शहरातल्या आमच्या रुग्णालयाच्या हृदयविभागात मी चौदा वर्षं नर्स आहे आणि इथं माझ्यापासून काही लपत नाही, असं मला वाटायचं. काय पण भ्रम!

डॉक्टर रेत्नोचा अभ्यास चालू होता. ऑपरेशननंतर सहाव्या तासाला रक्त तपासायचं, त्यात वय, मूत्रपिंडाची अवस्था वगैरे धरून वीसपैकी एक आकडा काढायचा. बाराच्या वर गेला तर पेशंट दोन दिवसांत बिघडणार, असा तिचा अंदाज. पण तो खरा ठरेपर्यंत आकडा उपचार करणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, हा नियम. तो फक्त रेत्नोला माहीत, बाकी सगळ्यांसाठी बंद पाकिटात.

एकोणचाळिसावा पेशंट माझा दादा, तिर्तो. बाजारात सोतोची, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची, गाडी लावायचा. हृदयाची झडप बदलायची होती. अभ्यासाच्या कागदावर सही करायला मीच त्याच्या मागे लागले. "थोडं रक्तच तर द्यायचंय, एवढा काय घाबरतोस?"

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी, सहाव्या तासाची तपासणी झाल्यावर, रेत्नो जिन्यात भेटली. वयानं मोठी म्हणून मी तिला ताई म्हणायचे.

"ताई, दादाचं कसं आहे?"

"ठीक आहे गं. घरी जा, जेव. तोंड बघ किती उतरलंय!"

आमच्यात मोठ्यांना तोच प्रश्न दोनदा विचारत नाहीत. विचारला, तर त्यांच्या शब्दावर विश्वास नाही असा अर्थ होतो. मी घरी गेले आणि पोटभर जेवले. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची लघवी थांबली, मग रक्तदाब कोसळला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला दफन केलं.

दोन महिन्यांनी अभ्यास संपला. बंद पाकिटं फुटली आणि तक्ता भरायला रेत्नोनं मलाच बसवलं. एकोणचाळीस: सतरा. मी तक्त्यात वरच्या ओळी बघितल्या. बत्तीस नंबरपुढे लिहिलं होतं, 'अभ्यासातून वगळले. सर्जनना आकडा कळवला, लगेच उपचार.' बत्तीस म्हणजे रुग्णालयाच्या संचालकांच्या सासूबाई. गेल्याच आठवड्यात त्या स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आल्या होत्या.

"ताई, त्यांच्या वेळी नियम कुठे गेला होता?"

रेत्नोनं चष्मा पुसला. "संचालक सारखे विचारत होते गं. किती वेळा टाळणार?"

"मीही विचारलं होतं."

"एकदाच. पुन्हा विचारलं असतंस, तर माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं."

म्हणजे मी रीत पाळली म्हणून माझा भाऊ गेला!

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण बघ ना, वेनिंग, आकडा बरोबर निघाला. पुढच्या कितीतरी जणांचे जीव वाचतील."

यानं मला बरं वाटेल, असं तिला खरंच वाटत होतं. मोठीचा मान म्हणून ज्या हाताला मी रोज सकाळी कपाळ टेकवत आले, तो हात मी खांद्यावरून उचलला आणि तक्त्यावर, सतराच्या शेजारी ठेवला.