फोनवरचा होकार

ओडेटने कागदी पिशवी टेबलावर उलटी केली. पाकिटं घसरत नॉर्मंड पेल्टिएच्या कॉफीच्या कपापर्यंत गेली, दोन-तीन खाली फरशीवर पडली. ती उचलायला ती वाकली नाही.

"हे घे," ती म्हणाली. "पाच महिन्यांचं टपाल. यातलं एकही पत्र माणसाने माणसाला लिहिलेलं नाही."

नॉर्मंडने कप बाजूला सरकवला आणि खाली पडलेली पाकिटं स्वतःच गोळा केली. चर्चच्या तळघरातल्या या हॉलमध्ये तो दर मंगळवारी सकाळी बसायचा. तीस वर्षं तो नदीवरच्या पुलावर कस्टमचा अधिकारी होता. कॅनडातून येणाऱ्या प्रत्येकाला 'काय घेऊन आलात' हे विचारण्यात त्याची उमर गेली. निवृत्तीनंतर त्याने अमेरिकेच्या मेन राज्याचं प्रशिक्षण घेतलं आणि आता तो गावातल्या वयस्कर मंडळींना मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, कागद फुकट समजावून द्यायचा. ओडेट डेगलने त्याच्या दोन्ही मुलींना शाळेच्या बसमधून बारा वर्षं नेलं-आणलं होतं. त्यामुळे तो तिला अहो-जाहो करायचा आणि ती त्याला अरे-तुरे.

"आधी बसा, मादाम."

"बसायला वेळ नाही. तो घरी एकटा आहे."

तरी ती बसली, आणि एकदा बसल्यावर थांबलीच नाही. मार्चमध्ये तिचा नवरा लुसियन अंगणातल्या बर्फावरून घसरला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया ठीक झाली. मग त्याला चालायला शिकवण्यासाठी शुश्रूषागृहात ठेवलं, तर अकराव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं की रुग्णाची पुरेशी प्रगती झालेली आहे, यापुढचा खर्च मिळणार नाही. त्या दिवशी लुसियनला पलंगापासून संडासापर्यंत जायला दोन माणसं लागत होती. ती त्याला घरी घेऊन आली. घरी येऊन व्यायाम करून घेणारं कुणी तरी द्या म्हणाली, तर कंपनीच्या यादीत या सबंध खोऱ्यात एकही माणूस नव्हता. सगळ्यात जवळचा बँगरला, गाडीने साडेतीन तासांवर. आणि ज्या डॉक्टरांनी लुसियनला वीस वर्षं तपासलं, तेही त्या यादीत नव्हते.

"आणि हे सगळं कशामुळे?" ओडेट म्हणाली. "नोव्हेंबरात कुणा दलालाचा फोन आला आणि आमचा नंदीबैल मान डोलावून मोकळा झाला. सरकारी कार्ड चांगलं चालू होतं. वरचा पूरक विमा चालू होता. सगळं सोडून या कंपनीच्या पदरात जाऊन पडला. मला विचारावंसं वाटलं नाही त्याला."

नॉर्मंड पाकिटं तारखेप्रमाणे लावत होता. त्याने दोनच प्रश्न विचारले. याआधी लुसियनने अशी कंपनीची योजना कधी घेतली होती का? आणि पूरक विमा नक्की केव्हा बंद केला? कधीच नाही, आणि डिसेंबरअखेर, ती म्हणाली.

"मग तो परत जाऊ शकतो."

ओडेटने पर्सचा पट्टा खांद्यावरून काढला.

नॉर्मंडने सावकाश सांगितलं. पूरक विमा सोडून पहिल्यांदाच कंपनीच्या योजनेत गेलेल्या माणसाला वर्षाच्या आत मूळ सरकारी मेडिकेअरमध्ये परत येता येतं. जुन्या विमावाल्यांनाही त्याला परत घ्यावं लागतं. मोडलेल्या खुब्याबद्दल ते एक अक्षर विचारू शकत नाहीत. आज सही झाली तर एक जूनपासून जुनं सगळं पुन्हा लागू.

"हे कुठे लिहिलंय?"

त्याने ढिगातली सगळ्यात जाड पुस्तिका काढली, मागची पानं चाळली आणि एका बारीक परिच्छेदावर बोट ठेवलं. तिने चष्मा काढून, पुस्तिका नाकाशी धरून तो परिच्छेद वाचला. ही पुस्तिका जानेवारीपासून तिच्या घरात होती. मधले काही आठवडे तिने ती खिडकीच्या फटीला टेकू म्हणून लावली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लुसियनला बाथरूमला नेताना तिची स्वतःची पाठ धरली होती, आणि उपाय इतक्या बारीक अक्षरात घरातच बसला होता.

नॉर्मंडने मग त्यांचं दोघांचं पेन्शन विचारलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला की राज्याची एक मदत आहे, मेडिकेअरचा महिन्याचा हप्ता राज्य भरतं, तुम्ही दोघंही त्यात बसता.

"आजपासून?"

"बसत तर तुम्ही निदान वर्षभर आहात," तो म्हणाला. "अर्ज करावा लागतो."

"आणि अर्ज करायचा असतो हे सांगायला कुणाला फोन करता आला नाही. दलालाला बरोबर आमचा नंबर सापडला." तिने पर्स मांडीवर आपटली. "लुसियनची बहीण गिल्बर्ट पलीकडे राहते, कॅनडात. पूल ओलांडला की चार मिनिटं. मागच्या वर्षी गुडघा बदलून घेतला तिने. तिच्याकडे एक कार्ड आहे, नॉर्मंड. एक. मी हे सगळं सांगायला लागले तर तिला वाटतं मला भ्रम झालाय."

नॉर्मंड अर्ज भरत राहिला. पुलाच्या अलीकडे उभं राहून त्याने असं बरंच ऐकलं असावं.

अर्ज भरून झाले. लुसियनने सही करायची जागा त्याने पेन्सिलीने खूण करून दिली. ओडेट उठली नाही.

"मला तो माणूस हवाय. फोनवाला."

"परत जायला पुरावा लागत नाही, मादाम. तो हक्कच आहे."

"पुरावा नको. त्याला काय शिक्षा होते ते सांग."

तक्रार करता येते, नॉर्मंड म्हणाला, ती वेगळी. असे फोन रेकॉर्ड करणं त्यांना भाग असतं, आपण ते मागवू शकतो. पण तुमचं काम त्यावाचून अडलेलं नाही.

"माझं अडलंय," ओडेट म्हणाली.

घरी लुसियन खिडकीशी खुर्चीत बसला होता. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस. बटाट्याच्या कारखान्यात एकेकाळी पन्नास किलोची पोती एका हाताने फिरवायचा. आता वॉकरच्या दांड्यावर हात ठेवून गप्प बसायचा. मार्चपासून ती त्याला ऐकवत होती आणि तो मूग गिळून ऐकत होता. तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली की सही करताना वाचायचं असतं, जसं बोलताना ऐकायचं असतं. त्याने खुणेच्या जागी सह्या केल्या. मग तिने रेकॉर्डिंग मागवल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र त्याने मान वर केली.

"ते कशाला?"

"तू काय काय कबूल केलंस ते कळेल तरी."

"राहू दे ना, ओडेट. झालं ना काम."

लाज वाटते आहे त्याला, तिला वाटलं. वाटू दे.

एक जूनला सरकारी कार्ड पुन्हा चालू झालं. त्याच आठवड्यात जुन्या डॉक्टरांनी लुसियनला तपासलं, आणि फोर्ट केंटहून एक मुलगी आठवड्यातून दोनदा येऊन त्याचे व्यायाम घेऊ लागली. पंधरा दिवसांत तो वॉकर घेऊन एकटा स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागला. ओडेटचा राग मात्र उतरला नाही, उलट पाय सुधारू लागले तसा वाढला. हे एवढं सोपं होतं तर मधले दोन महिने कुणी खाल्ले? नॉर्मंडचा निरोप आला की रेकॉर्डिंग आलंय, तेव्हा ती कणकेचे हात धुऊन तशीच निघाली.

तळघरात त्या दिवशी ते दोघंच होते. नॉर्मंडने आवाज मोठा केला.

दलालाचा आवाज तरुण होता, मऊ, मधाचं बोट लावल्यासारखा. त्याने हवापाणी विचारलं, हरणांच्या शिकारीचं विचारलं. मग दातांचा खर्च, चष्म्याचा खर्च, किराणासाठी कार्ड. लुसियन मधेमधे हुंकार देत होता. त्याने दोनदा विचारलं की आमच्या डॉक्टरांचं काय.

"मिस्टर डेगल, तुमचे डॉक्टर आमच्या यादीत आहेत. मी आत्ता समोर बघतोय."

ओडेटची मूठ टेबलावर पडली. "ऐकलंस? लिही ते."

नॉर्मंडने मिनिट आणि सेकंद लिहून घेतले. दलाल आता पूरक विम्याबद्दल भरभर काही वाचून दाखवत होता, आणि शेवटी त्याने विचारलं, मान्य आहे ना? मग लुसियन म्हणाला, "जरा थांबा. हे मी बायकोला विचारतो."

फोन दूर गेल्याचा आवाज आला. तव्यावर उलथनं आपटलं.

"ओडेट, हा म्हणतोय जुना विमा बंद होईल. आपण आधी कुणाला तरी विचारू या का?"

आणि मग तिचाच आवाज आला. चाळीस पोरांची बस एका दमात गप्प करणारा आवाज. दुरूनही शब्दन् शब्द स्पष्ट.

"कुणाला विचारणार? डॉक्टर आहेत म्हणतोय ना तो? दात फुकट मिळतायत ना? मग हो म्हण आणि ठेव तो फोन. ताटातली प्लॉय धिरडी गार होतायत."

"पण ओडेट—"

"हो म्हण, लुसियन."

फोन जवळ आला. "हो," लुसियन म्हणाला.

नॉर्मंडने रेकॉर्डिंग थांबवलं. तो कागदावरच्या आपल्याच अक्षराकडे बघत बसला. पुलावर कुणाच्या गाडीत चोरटी वस्तू सापडली की तो असाच बघत असावा, त्या माणसाच्या तोंडाकडे नाही.

ओडेटला त्यातलं काही आठवत नव्हतं. तवा आठवत नव्हता, फोन आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं की नोव्हेंबरात असे फोन रोज यायचे आणि जेवायच्या वेळीच यायचे. त्या पोराचा खोटेपणा तसूभरही कमी झालेला नव्हता. डॉक्टर यादीत नव्हते ते नव्हतेच.

नॉर्मंड हळूच म्हणाला की तक्रार नाही केली तरी चालेल. केली तरी दलालाचं ते एक वाक्य पुरेसं आहे. अर्जात एक रकाना असतो, फोनच्या वेळी आणखी कोण हजर होतं याचा, पण तो भरलाच पाहिजे असं नाही.

"अर्ज दे," ती म्हणाली. "घरी भरते."

ती घरी आली तेव्हा लुसियन स्वयंपाकघरात होता. वॉकर ओट्याला टेकवून तो उभा होता आणि एका हाताने ओट्याची कड धरून दुखरा पाय मागे उचलत होता, फोर्ट केंटच्या मुलीने सांगितला होता तसा. ओडेटने कोट काढला नाही. टेबलाशी बसली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने पाय खाली ठेवला. काय, असं विचारलं नाही.

"होतं."

"मार्चपासून मी तुला बोलतेय. गिल्बर्टसमोर बोलले. शुश्रूषागृहातल्या नर्ससमोर बोलले. सगळ्या गावाला सांगत फिरले की माझा नवरा नंदीबैल आहे."

"ऐकलं मी."

"मग तोंड का उघडलं नाहीस?"

लुसियन ओट्याला पाठ टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तू मला पलंगावरून उचलत होतीस, ओडेट. दिवसातून आठ-आठ वेळा. रागाच्या जोरावर उचलत होतीस. मी म्हटलं, आता हा राग गेला तर हिच्या अंगात काय उरेल."

यावर तिला जितका संताप आला तितका त्या दलालाचाही आला नव्हता. तीन महिने या माणसाने तिला स्वतःच्या अंगावर ओरडू दिलं होतं, जणू तेही एक औषधच होतं आणि तिला विचारल्यावाचून तो ते तिला पाजत होता. तिने पर्समधून अर्ज काढून टेबलावर आपटला. त्याने पुन्हा ओट्याची कड धरली आणि पाय मागे उचलला. पाय थरथरत होता.

तिने अर्ज सरळ केला. दलालाचं नाव लिहिलं. डॉक्टरांबद्दलचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, नॉर्मंडने काढलेल्या मिनिटा-सेकंदासकट. शेवटच्या रकान्याशी तिचं पेन थोडं थांबलं, मग तिने तिथे ओडेट मारी डेगल असं पूर्ण नाव घातलं, आणि नात्याच्या जागी 'पत्नी' लिहिलं. खाली 'आपण काय पाहिले किंवा बोललात' असा प्रश्न होता आणि त्यापुढे फक्त दोन ओळींची जागा होती.

"अजून एक कागद आहे का घरात?" तिने विचारलं. "यात मावणार नाही."

लुसियनने वॉकर ओढून घेतला आणि कागद आणायला तो एकेक पाऊल टाकत बाहेरच्या खोलीकडे निघाला. ती त्याला धरायला उठली नाही. बसल्या जागेवरून दाराकडे बघत राहिली.