मोजपात्रातला अर्धा तास

मित्रांनो, गावाचं सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रात, खिडकीपाशी उभं असलेलं काचेचं मोजपात्र म्हणजे मी. माझ्या ओठाचा टवका उडालाय, अंगावरचे आकडे पुसट झालेत. पण माझ्यातून आरपार दिसतं, आणि माझं काम तेवढंच आहे.

तुमच्या मोरीतलं पाणी आमच्याकडे येतं. जाळी त्यातल्या चिंध्या अडवते, पुढे वाळू खाली बसते. मग मोठ्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खातात. त्यांना श्वास लागतो, म्हणून तळातून सतत हवा सोडतात. शेवटच्या संथ टाकीत जिवाणूंचा गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी नदीला मिळतं.

यंत्रं चालवणाऱ्या मावशी रोज सकाळी हवेच्या टाकीतलं तपकिरी पाणी माझ्यात भरत. मग अर्धा तास मला कुणी हात लावायचा नाही. गाळ नीट खाली बसला की म्हणत, "पोरं पोटभर जेवली."

पुढे टाकीतल्या पाण्यातली हवा मोजणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. चार वर्षं धूळ खाण्यात गेली.

एका सकाळी मावशींना टाकीचा वास खटकला. यंत्र मात्र हवा भरपूर दाखवत होतं. मावशींनी नदीकडची झडप बंद करून पाणी राखीव टाकीत वळवलं आणि मला पुसून, भरून टेबलावर ठेवलं.

केंद्राचे साहेब धावत आले. "मावशी, नवं यंत्र खोटं आणि ही फुटकी काच खरी होय?"

"अर्ध्या तासात कळेल. स्टूल घ्या, बसा."

"राखीव टाकी संध्याकाळी भरेल. मग पाणी रस्त्यावर येईल, त्याचं काय?"

"नदीच्या खालच्या अंगाला माझी लेक राहते, साहेब. नदीचंच पाणी भरते. महिन्याचं बाळ आहे तिला."

साहेब बसले. अर्धा तास सरला, तरी गाळ ढगासारखा तरंगतच राहिला.

साहेब उठून मावशींबरोबर टाकीकडे गेले. हवेच्या पंपाचा पट्टा घसरत होता आणि यंत्राच्या पाण्यात बुडालेल्या टोकावरचा पातळ पडदा फाटला होता, म्हणून ते खोटा आकडा दाखवत होतं. दोघांनी मिळून नवा पट्टा चढवला.

राखीव टाकी भरायला चार बोटं उरली, तेव्हा मला पुन्हा भरलं. या वेळी गाळ हळूहळू खाली उतरला. वरच्या नितळ पाण्यातून मला मावशींचा चेहरा दिसला. मगच झडप उघडली.

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. त्यालाही कुणी वेळेवर पुसलं नव्हतं. आपल्या भरवशावर कुणीतरी खाली पाणी भरत असतं, एवढं विसरू नका.

मावशींची नात आता सहा वर्षांची आहे. काचेला नाक लावून ती विचारते, "आजी, यात बघायचं काय?"

"थांब जरा," मावशी म्हणतात. "दिसेल."