बॅनरवरचं जळगाव

स्नेहलने जळगावच्या कॉलेजात जायचं की नाही हे अजून ठरवलंही नव्हतं, आणि सोनगीर फाट्यावर तिचा बॅनर लागला. ‘खो-खोपटू कु. स्नेहल हिची जळगाव येथील नामांकित महाविद्यालयात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुक म्हणून उखर्डूमामा, गॉगल लावून आणि हात जोडून. मामाचा फोटो भाचीच्या दुप्पट. भाचीचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला, शेजारची माणसं कापून काढलेला.

झालं होतं इतकंच. हिवाळ्यातल्या स्पर्धेत जळगावच्या गिरधर सरांनी तिचा खेळ पाहिला होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपताच त्यांचा फोन आला, की दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे ये, वसतिगृह आणि जेवण आमचं. स्नेहल म्हणाली, विचार करून सांगते. विचार ती करणार होती, सांगून मामा मोकळा झाला. खो-खोत पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत जागचं उठायचं नसतं, उठलं की फाऊल. भाचीचे सगळे सामने मामाने पाहिले होते, पण एवढं काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

स्नेहलला जायचं नव्हतं असंही नाही. धुळ्याच्या कॉलेजात नऊ खेळाडू जमवताना नाकी नऊ यायचे, नववी मुलगी तर एन.एस.एस.मधून उचलून आणलेली. निम्म्या मैदानावर मोटारसायकली लागायच्या. अशा टीममधून विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचणं कठीण, हे तिला कळत होतं. पण त्याच कॉलेजात केमिस्ट्रीची प्रयोगशाळा होती, आणि सुनंदा मॅडम तिला सकाळच्या बॅचला घ्यायच्या, म्हणजे संध्याकाळ मैदानाला मोकळी. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं, आणि एका थेंबाला फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग येऊन थांबायचा. तो रंग आला की स्नेहलला पोलजवळ गडी बाद केल्याइतकाच आनंद व्हायचा. हे ती कुणाला सांगत नसे, लोक हसले असते.

शेवटी जूनमध्ये ती वडिलांबरोबर जळगाव बघायला गेली. वडील, यादव, धुळ्याच्या एसटी आगारात मेकॅनिक. त्याने त्या दिवशी रजा टाकली.

मैदान बघून स्नेहल हरखलीच. चाळलेली माती, पाणी मारून दाबलेली, खडा म्हणून नाही. सरांनी तिला खेळायला उतरवलं. समोरच्या मुली अशा पळत होत्या की पहिली दहा मिनिटं तिच्या हाती कुणी लागलं नाही, आणि मग एक लागली. इतकं दमून, इतकं खूश होऊन ती वर्षभरात कधी मैदानाबाहेर आली नव्हती.

घाम पुसत तिने विचारलं, “सर, सायन्सचे प्रॅक्टिकल कधी असतात?”

“दुपारी तीन ते सहा.”

“आणि प्रॅक्टिस?”

“चार ते सात.” सर लपवाछपवी करणारे नव्हते. “हे बघ, सायन्सचा इथे निभाव लागत नाही. बी.ए.ला ॲडमिशन घे. नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात, तिथे डिग्री कुठली हे कोण विचारतंय?”

यादवने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

वसतिगृह दाखवायला पूनम आली. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेली. स्नेहलने तिला विषय विचारले.

“मराठी, इतिहास आणि...” पूनमला तिसरा काही आठवेना. ती मोकळेपणाने हसली. “मीपण बारावी सायन्सच केलं. मला नाही वाईट वाटत, मला पोलिसातच जायचंय. तुला केमिस्ट्री आवडते?”

“हो.”

“खूप?”

“हो.”

“मग इथे येऊन रडू नको.”

पण रडायचं ते तिने परतीच्या बसमध्ये रडून घेतलं. त्या मातीची आठवण येऊन पारोळ्यापर्यंत तिला आवरेना. यादव खिडकीबाहेर बघत बसला.

“पप्पा, तुमले राग ऊना का?”

“राग नही ऊना. तुनी नोकरी डोयासमोर दिखी राहिंती, तेवढंच.” मग तो म्हणाला, “बॅनरनं काय करसूत?”

धुळ्यात उतरल्यावर स्टँडवरूनच तिने गिरधर सरांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. “म्हणजे आता आमच्याविरुद्ध खेळणार तू.”

“हो सर.”

“खेळ. पण आम्ही सोडणार नाही.”

मामाची समजूत काढणं जास्त अवघड गेलं. “आते मी गावमा तोंड कसं दखाडू?” तो म्हणाला. “बठ्ठा लोकेस्नी वाचेल शे.” दोन दिवस तो बहिणीकडे जेवायला आला नाही. बॅनर काढायला मात्र त्याचा हात धजेना, त्यावर त्याचाही फोटो होता.

तिसऱ्या दिवशी कॉलेज उघडलं. स्नेहल सकाळच्या बससाठी फाट्यावर आली, पाठीवर सॅक, सॅकमध्ये ॲप्रन आणि बूट. बॅनर जागेवरच होता. फक्त ‘जळगाव’वर मामाने पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर लाल रंगात लिहिलं होतं, ‘धुळे’. आता ती ज्या कॉलेजात वर्षभर जात होती, त्याच कॉलेजात निवड झाल्याबद्दल गाव तिचं अभिनंदन करत होतं. टपरीवरची माणसं वाचून हसत होती.

शेजारी द्रौपदाबाई बसची वाट बघत उभी होती. तिने दुसऱ्याकडून ते वाचून घेतलं आणि बराच वेळ विचार करून विचारलं, “पोरी, तू ते पहिलेच तठे जास ना? मंग हाई अभिनंदन कसानं शे?”

स्नेहलने बॅनरकडे पाहिलं. मामाचा गॉगल, लग्नातला तिचा फोटो, वाकडी पट्टी.

“मी आठेच राहिनू ना आजी, त्यानंच अभिनंदन.”

बस आली, आणि ती आजीचा हात धरून चढली.