सातवी ‘ब’चा भागाकार

दर गुरुवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेत तिघांची बैठक बसायची. गणिताच्या बाई, विज्ञानाचे सर आणि वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेली, गणितच शिकवणारी चिमणी. आवाज बारीक, म्हणून मुलांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आठवड्यात एकाने दुसऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि गुरुवारी जे दिसलं ते तोंडावर सांगायचं, असा शिरस्ता होता. टिपणं बाईंच्या वहीत. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हा नियमही बाईंनीच घातलेला.

एका गुरुवारी चिमणी खाली मान घालून म्हणाली, “अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा उलटा का करायचा, ते मलाच कळलेलं नाही. कुणी विचारलं की मी त्याला खाली बसवते.”

सर हसले नाहीत. बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

मग महिनाभर तिघंही त्या भागाकाराच्या मागे लागले. कागदाच्या पट्ट्या कापल्या, अर्ध्या पट्टीत पाव किती बसतात ते मोजलं. सरांनी मुद्दाम मठ्ठ मुलाचं सोंग घेऊन तिला भंडावून सोडलं. पुढे बाई तिच्या तासाला बसल्या, तेव्हा सातवी ‘ब’ची मुलं आपसांत वाद घालत होती आणि चिमणी त्यांना घालू देत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा तास आपल्याला एकदाही जमला नाही, हे बाईंना मनातून मान्य करावं लागलं. तेही त्यांनी लिहिलं.

त्याच सुमारास एक जागा कमी करायचा हुकूम आला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. “तुमची ती वही जरा द्या. वर काहीतरी कारण दाखवावं लागतं. नाहीतर गणिताचे दोन शिक्षक कशाला, असं विचारतील आणि मग तुमचंही नाव निघेल.”

 बाईंना नाही म्हणायचं होतं. पण वही टेबलावर ठेवून त्या बाहेर आल्या.

चिमणीला नोकरीवरून कमी केल्याचं पत्र मिळालं, त्यात कारण म्हणून तिचंच ते वाक्य उतरवलेलं होतं.

रविवारी बाई तिच्या घरी गेल्या. दार आईने उघडलं, पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. चिमणी समोर बसली.

“मी वही द्यायला नको होती,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही लिहिलं ते खरंच होतं,” चिमणी म्हणाली. “पुढची पानं त्यांनी उलटली नाहीत, एवढंच.” मग पुढे म्हणाली, “मला विचारलं असतंत, तर मीच सांगितलं असतं त्यांना. निदान माझ्या तोंडाने तरी गेलं असतं.”

बाई उठल्या. ग्लासातलं पाणी तसंच राहिलं.

बैठका बंद पडल्या नाहीत. उलट मुख्याध्यापकांनी त्या सक्तीच्या केल्या, छापील तक्ते वाटले. पुढच्या गुरुवारी बाई सरांच्या तासाबद्दल बोलायला लागल्या. प्रयोग फसला होता आणि सरांनी उत्तर फळ्यावर लिहून वेळ मारून नेली होती. पण सर बाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले.

“छान झाला तास,” बाई म्हणाल्या.

“तुमचाही,” सर म्हणाले. ते बाईंच्या तासाला आलेच नव्हते.

दोघांनी तक्त्यांवर सह्या केल्या. सातवी ‘ब’ आता बाईंकडे आली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर करून विचारलं, आम्ही वाद कधी घालायचा? बाई म्हणाल्या, “आधी उदाहरण उतरवून घे.”